आई-दादांना एकदा परदेश दाखवायचाय, सव्वा लाखात बसेल का?

दुधनाकाठची · १४ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातून लिहितेय. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे.

आई एकसष्टची, दादा म्हणजे वडील अडुसष्टचे. दोघांनी जन्मभर पाच एकर कोरडवाहू कसली आणि त्यावर आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. विमान त्यांनी पाहिलंय ते रानातून, मान वर करून. मागच्या महिन्यात माझी भिशी लागली, आरडीही संपली. दोन्ही मिळून १ लाख २५ हजार हातात आहेत. एवढ्यात आई, दादा, मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा असं चौघांनी एकदा देशाबाहेर जाऊन यावं, असं फार मनात आहे. मिस्टरांना सुट्टी नाही. कर्ज काढायचं नाही, हे आधीच ठरलंय.

एका टूरवाल्याकडं चौकशी केली. बँकॉक-पटाया पाच रात्री, माणशी ५५ हजार, तेही मुंबईपासून पुढचे. चौघांचे दोन लाख वीस हजार होतात. शिवाय दादा माळकरी. जिथं मांस-मच्छी शिजते तिथल्या भांड्यातलं ते पाणीसुद्धा घेत नाहीत. सुट्टी मला दिवाळीत नाहीतर मेमध्ये. कुणी स्वतः असं जाऊन आलं असेल तर सांगा. जमत नसेल तर तसंही स्पष्ट सांगा.

---

गोदातीर_नांदेड · १४ जून, रात्री ११:०५

ताई, जमतंय. आधी मुंबई डोक्यातून काढा. आपल्या नांदेड-परभणी पट्ट्याला हैदराबाद जवळ. अजिंठा एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी हैदराबाद. तिथून बँकॉकला विमानं आहेत. मी अन् बायको मागच्या फेब्रुवारीत गेलो. जाऊन-येऊन तिकीट माणशी १७ हजार पडलं, कारण दोन महिने आधी काढलं आणि मंगळवारी निघालो. सहा रात्रींचा दोघांचा सगळा खर्च, घरातून निघून घरी येईपर्यंत, ७२ हजार.

थायलंडला फिरायला जाणाऱ्या भारतीयांना आम्ही गेलो तेव्हा व्हिसा लागत नव्हता. जायच्या आधी नियम एकदा बघून घ्या, ते बदलतात. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साईट दिसली की लगेच बंद करा. सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात यायला रेल्वे आहे, ४५ बात. एक बात म्हणजे धरा अडीच-तीन रुपये. अयुथ्थयाला आम्ही साध्या पॅसेंजरच्या तिसऱ्या वर्गानं गेलो, तिकीट वीस बात. जुनी राजधानी आहे ती, पडकी देवळं अन् बुद्धमूर्ती बघत दिवस कसा गेला कळलं नाही.

पण दादांचं खाणं अवघड आहे, हे खरं सांगतो. तिथं भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात, नाम प्ला म्हणतात त्याला. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' असं लिहिलेलं दुकान दिसलं की ते शुद्ध शाकाहारी. पण ते प्रत्येक चौकात नसतंय. म्हाताऱ्या माणसाला उपाशी फिरवायची पाळी येईल.

---

निवृत्त_रोखपाल · १५ जून, सकाळी ७:४०

तेहेतीस वर्षं बँकेत होतो, म्हणून पैशापुरतं बोलतो.

टूरवाल्याचे ५५ हजार म्हणजे ५५ नसतात. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच घ्यायचा कर, कापला जातो. तो रिटर्न भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर आपल्या खिशातून गेलेला असतो. त्यावर सेलू ते मुंबई जाणं-येणं, मुंबईत एक मुक्काम, पासपोर्ट, विमा, दुपारची जेवणं. पॅकेजमध्ये बहुधा सकाळचा नाश्ता असतो, दुपारचं जेवण असेलच असं नाही. हे सगळं कागदावर मांडा.

सव्वा लाखातले वीस हजार आजच बाजूला काढा आणि ते नाहीतच असं समजा. आजारपण, चुकलेली गाडी, वाढलेलं भाडं यासाठी ते. हिशोब एक लाख पाच हजारांवरच करायचा.

क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं तर बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लागतो, वर त्याच्यावर जीएसटी. मशीनवर 'रुपयांत देता का?' असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच द्या. रुपयांत दिलं की भाव दुकानदाराच्या बाजूचा लागतो. आणि विमा काढाच. आशियातल्या आठ-दहा दिवसांना माणशी काहीशे रुपये पडतात. साठीच्या पुढच्यांना थोडे जास्त.

---

मोसंबी_जालना · १५ जून, सकाळी ९:१२

काकांशी सहमत. आम्ही तीन वर्षांपूर्वी एका एजंटाकडून 'सर्व समाविष्ट' म्हणून गेलो होतो. नाव घेत नाही. तिथं उतरल्यावर कळलं की बोटीचे पैसे वेगळे, गाईडची टिप वेगळी, एवढंच काय, विमानातल्या बॅगेचेही वेगळे. विमानतळावर सासूबाईंची बॅग उघडून सामान कमी करायला लावलं. लोकांसमोर त्यांच्या साड्या काढून मी माझ्या अंगावर पांघरल्या. ते मी विसरले नाही. स्वस्त तिकीट काढलं असेल तर बॅग किती किलो, ते तिकिटावर वाचा. नुसती ७ किलोची हँडबॅग असते पुष्कळदा.

---

लातूरची_लेक · १५ जून, दुपारी २:३०

ताई, मी व्हिएतनामला जाऊन आले म्हणून लिहितेय. ई-व्हिसा सरकारी साईटवर २५ डॉलर, एकदा आत जायचा. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. माझ्या मैत्रिणीचा वडिलांच्या नावातला एक एच राहिला तर पुन्हा पैसे भरून नवा अर्ज करावा लागला. राहणं-खाणं थायलंडपेक्षा स्वस्त वाटलं मला. होई आनच्या जवळ मी सन म्हणून चाम राजांची शिवमंदिरं आहेत, विटांची. वेरूळ बघितलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. काही देवळांच्या डागडुजीचं काम आपल्या पुरातत्त्व खात्यानं केलंय. लिंगाच्या पिठापाशी उभी राहिले तेव्हा डोळे भरून आले होते माझे.

पण दिवाळीत जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या मधल्या पट्ट्यात, दा नांग-होई आनकडं, जोराचा पाऊस असतो, गावात पाणी शिरतं.

एक विचारू का? आई-दादांना कुठं जायचंय, ते विचारलं का तुम्ही?

---

दुधनाकाठची · १६ जून, रात्री ९:५०

लातूरच्या ताई, नव्हतं विचारलं. मी त्यांना अचानक सांगून आनंद द्यायचा म्हणत होते. काल रात्री विचारलं.

आई चुलीपुढं होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "औंढा झालं, परळी झाली, वेरूळचा घृष्णेश्वर तुझ्या लग्नानंतर झाला. पशुपतिनाथ राह्यलाय." मी म्हटलं, आई, ते नेपाळात आहे. ती म्हणाली, "मग नेपाळ परदेश न्हाई का?"

दादांनी तीन गोष्टी सांगितल्या. सोयाबीन निघाल्याशिवाय हलणार नाही. कार्तिकीची वारी चुकवणार नाही. आणि विमानात बसायचं तर खिडकीपाशी.

मी चार दिवस देश शोधत होते. आता उलटं वाटतंय. आमची तारीख शेतानं, शाळेनं आणि पंढरपूरनं ठरवलेली आहे. त्या तारखांत बसेल तोच देश. नेपाळबद्दल कुणी सांगेल का?

---

नागसेनवन · १६ जून, रात्री ११:३५

ताई, मी सांगतो. तीनदा जाऊन आलोय, दोनदा रेल्वेनं, एकदा विमानानं.

आधी कागदपत्रं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा फोटोचं मतदान कार्ड चालतं. आधार सगळ्यांना चालत नाही, तिथं लोक फसतात. पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्यांना आधार चालतं. म्हणजे तुमच्या दादांना आणि मुलाला आधारवर जाता येईल, आईला आणि तुम्हाला मतदान कार्ड किंवा पासपोर्ट. तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच हवं.

पैसे. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे. हा भाव बांधलेला आहे, रोज बदलत नाही, त्यामुळं हिशोब डोक्यात होतो. शंभरच्या नोटा जास्त घ्या, त्या कुठंही चालतात. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय क्यूआरवर चालतं, पण सगळा भरवसा त्यावर ठेवू नका. देवळं-स्मारकांच्या तिकिटात सार्क देशांतल्यांना, म्हणजे आपल्यालाही, बाकी परदेशी लोकांपेक्षा बरंच कमी लागतं. तिकीट काढताना ओळखपत्र हातात ठेवा.

खाणं. दाल-भात-तरकारी. भात आणि वरण पोट भरेपर्यंत वाढतात, वेगळे पैसे नाहीत. पशुपतीच्या आसपास शुद्ध शाकाहारी भोजनालयं आहेत. दादांना अडचण येणार नाही.

आणि माझं एक मागणं. एवढ्या लांब जाताय तर लुंबिनी चुकवू नका. मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ उभा आहे. त्यावर ब्राह्मीत कोरलंय की राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला, 'हिद बुधे जाते सक्यमुनी ति', इथं शाक्यमुनी बुद्ध जन्मला, म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि शेतसारा आठव्या हिश्शावर आणला. सम्राट येतो, शेतकऱ्याचा सारा कमी करतो आणि ते दगडात कोरून ठेवतो. माझे वडील शेतमजूर होते. ही ओळ मी त्यांना तिथं उभं राहून समजावून सांगितली तेव्हा ते स्तंभाच्या कठड्याला हात लावून बराच वेळ उभे राहिले. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी. आमच्या घरात नेपाळ म्हटलं की आधी तेच निघतं.

लुंबिनीत वेगवेगळ्या देशांचे विहार आहेत. कोरियन विहारात अगदी कमी पैशात राहता-जेवता येतं, जेवण शाकाहारी. आपलं ताट आपण धुवायचं.

स्वस्त रस्ता असा: मनमाडहून काशी किंवा कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, स्लीपर सहा-सातशे. पुढं बसनं सुनौली, तीन तास. सीमा पायी ओलांडायची, पलीकडं भैरहवा. तिथून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर.

---

मनमाड_जंक्शन · १७ जून, सकाळी ६:१५

नागसेनवनदादांचा रस्ता बरोबर आहे, पण दिवाळीत तो रस्ता धरू नका, हात जोडून सांगतो. मी रेल्वेत होतो. दिवाळी ते छठ या आठ दिवसांत मुंबईहून गोरखपूरकडं जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. रिझर्व्हेशन असूनही आपल्या बर्थपर्यंत पोचता येत नाही. संडासात माणसं उभी असतात. म्हातारी माणसं अन् लेकरू घेऊन तर नकोच.

पण ही गर्दी एकाच दिशेनं असते. छठच्या आधी गोरखपूरहून मुंबईकडं येणारी गाडी मोकळी असते. सगळे गावी गेलेले असतात, परत निघायला छठ व्हावी लागते. म्हणून उलटं जा. इथून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, दिल्लीहून विमानानं काठमांडू, मग पोखरा, मग लुंबिनी, मग सुनौली-गोरखपूर, आणि छठच्या आत गोरखपूरहून मनमाडची गाडी पकडा. विमानाचं एकाच बाजूचं तिकीट लागेल, तेवढा खर्च वाचला. दादांचं विमानही होईल. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला बसा.

सचखंडला परभणीहून बसलात तर आपली ताटली-वाटी जवळ ठेवा. वाटेत स्टेशनांवर शीख बांधव डब्याशी लंगर घेऊन येतात. पैसे घेत नाहीत. शाकाहारीच असतं. प्रेमानं वाढतात.

नवी दिल्ली स्टेशनातून विमानतळाला मेट्रो आहे, वीस-पंचवीस मिनिटं. टॅक्सीवाल्यांच्या नादी लागू नका.

---

दुधनाकाठची · १७ जून, रात्री १०:०५

मनमाडकर काका, तुमची पोस्ट घरात मोठ्यानं वाचून दाखवली.

अडचण एकच: लक्ष्मीपूजन घरी होणार नाही. दादा गप्प बसले होते. मग भाऊ म्हणाला, मी आहे ना घरी, मी करतो. आईनं विचारलं, तिथं दिवाळी असते का? मी शोधून सांगितलं की असते. तिहार म्हणतात, पाच दिवसांची, लक्ष्मीपूजन त्याच रात्री. एक दिवस कावळ्यांचा, एक कुत्र्यांचा, एक गायीचा, शेवटी भाऊबीज. मुलगा कुत्र्यांच्या पूजेवर अडून बसलाय. यंदा दिवाळी उशिरा आहे, तोवर सोयाबीन घरात येईल. परतल्यावर कार्तिकीला चार-पाच दिवस उरतात. दादांनी मान हलवली.

ठरलं. नेपाळ.

---

सेतू_केंद्र_वसमत · १८ जून, सकाळी ११:२०

ताई, मतदान कार्डावर काम भागत असलं तरी पासपोर्ट काढून घ्या. मोठ्यांना १५०० रुपये, साठीच्या वरच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट, मुलाचा १०००. तत्काळची गरज नाही, त्याचे २००० वर लागतात.

रोजच्या कामातून सांगतो, आपल्याकडं अर्ज अडतात ते नावावर. आधारवर 'कौसाबाई', पॅनवर 'कौशल्या', मतदान कार्डावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. जन्मतारखेचंही तसंच, शाळेत गुरुजींनी १ जून लावलेली आणि आधारवर १ जानेवारी. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज. उलटं केलं की दोन महिने जातात. 'आई दहावी शिकलेली नाही, मग पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागेल असा) शिक्का पडेल का' असं बरेच जण विचारतात. पन्नाशीच्या पुढच्यांना तो प्रश्न नाही. आणि तो शिक्का नोकरीसाठी जाणाऱ्यांना अडवतो, फिरायला जाणाऱ्यांना नाही.

तुम्ही सरकारी नोकरीत, तर कार्यालयाला पूर्वसूचनेचं पत्र द्या आणि परदेश प्रवासाची परवानगी आत्ताच मागा. ती फाईल कुठल्या टेबलावर आहे, ते आठवड्याला एकदा विचारा.

---

दुधनाकाठची · ९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

पासपोर्टचं काम झालं म्हणून सांगायला आले.

पोस्टातल्या केंद्रात आईची बोटं उमटेनात. चार वेळा मशीनवर ठेवली. तिथल्या मुलीनं आईचा हात हातात घेऊन बघितला. बोटांची टोकं गुळगुळीत, रेषा अशा नाहीतच. चाळीस वर्षं खुरपं, विळा, कापसाची बोंडं. आई घाबरून म्हणाली, "माझी बोटं खोटी हायत का?" त्या मुलीनं ओल्या रुमालानं हात पुसले, दोन मिनिटं थांबली, एकेक बोट स्वतः दाबून ठेवलं आणि आठव्या-नवव्या खेपेला काम झालं. तिचे आभार मानायचे राहून गेले म्हणून इथं लिहितेय. ज्यांच्या आई-वडिलांनी रानात काम केलंय त्यांनी आदल्या दोन-तीन रात्री बोटांना तेल लावून ठेवा आणि सकाळची पहिली वेळ घ्या, घाई नसते.

पोलीस पडताळणी गावातच झाली. माझ्या परवानगीची फाईल मात्र अजून फिरतेय.

---

गोदातीर_नांदेड · ९ ऑगस्ट, रात्री ८:१०

लई भारी ताई. दिल्लीहून काठमांडूला जाताना डावीकडची खिडकी घ्या. हिमालय डावीकडं दिसतोय. सीटचे शे-दोनशे जास्त गेले तर जाऊ द्या.

---

मोसंबी_जालना · ९ ऑगस्ट, रात्री ९:४५

धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी हँडबॅगेत चालते. तेलाचं लोणचं चेक-इन बॅगेत टाका, हँडबॅगेत अडवतात. पॉवर बँक उलट, ती हातातच ठेवा.

---

दुधनाकाठची · १८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

परवा घरी आलो. सगळे सुखरूप. आधी हिशोब, कारण तोच विचारायला आले होते.

सचखंडचं थर्ड एसी चौघांचं ७ हजार. दिल्लीत एक रात्र १८००. विमान चौघांचं एका बाजूचं २८ हजार ८००, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढलं. काठमांडू आणि पोखऱ्यात चार खाटांची एकच खोली घेतली, पाच रात्रींचे ९ हजार. लुंबिनीत दोन दिवस राहणं-खाणं मिळून ४ हजार. बाकीचं खाणं साडेदहा हजार. नेपाळातल्या बस, टॅक्सी, नाव, सीमेपासून गोरखपूर, सगळं मिळून १४ हजार. गोरखपूर-मनमाड ६ हजार ८००, मनमाडहून घरी ६००. विमा १८००, पासपोर्ट चौघांचे ५२००. रुद्राक्ष, शाली, भावाच्या लेकरांना टोप्या यात साडेसहा हजार. एकूण ९६ हजार. रोखपाल काकांनी बाजूला काढायला लावलेले वीस हजार तसेच परत आलेत.

चुकलं काय, तेही सांगते. काठमांडू-पोखरा बस मी तिथं जाऊन काढायला गेले. तिहारला सगळं काठमांडू गावी जातं, हे लक्षात आलं नाही. दोन दिवसांनंतरची जागा मिळाली. त्यामुळं पोखऱ्यात एकच पूर्ण दिवस राहिला. बसचं आधी ठरवा. पोखऱ्याहून लुंबिनीकडचा रस्ता सगळा घाटाचा आहे, आईला दोनदा उलटी झाली. गोळी आधी द्यायला हवी होती. मुक्तिनाथाचं देऊळ सोडलं. ते ३८०० मीटरच्या आसपास आहे, दादांना चढावर दम लागतो, तिथं घाई करण्यात अर्थ नव्हता.

मनमाडकर काका, परतीच्या डब्यात निम्मे बर्थ रिकामे होते. समोरच्या फलाटावर मुंबईहून आलेली गाडी रिकामी होत होती, माणसं खिडक्यांतून सामान बाहेर देत होती. दादा ते बघून काही बोलले नाहीत, नुसतं तुमचं नाव विचारलं. मला माहीत नाही म्हटलं.

जाताना सचखंडला परभणीच्या पुढं लंगर आला होता. दादांनी वाटी पुढं केली, कढी-भात घेतला, आणि वाढणाऱ्या पोराच्या पाया पडायला वाकले. तो पोरगा मागं सरकला आणि त्यानंच दादांचे पाय धरले.

आता ते जे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई चौथी शिकलेली. हैदराबादला नेलं की ती माझा पदर सोडत नाही, कारण पाट्या वाचता येत नाहीत, चुकेन असं तिला वाटतं. काठमांडूत टॅक्सीत बसलो आणि आई खिडकीतून वाचायला लागली. "किराना पसल. औषधि पसल. भोजनालय. विद्यालय." नेपाळी आपल्याच लिपीत लिहितात. पसल म्हणजे दुकान हे तिनं स्वतःच लावलं, तिसऱ्या-चौथ्या पाटीला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आई खोलीत नाही. धावत खाली गेले. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी घेऊन येत होती, एकटी. "दूध लिहिलं हुतं," म्हणाली. परक्या देशात ती एकटी दुकानात गेली होती. सेलूच्या बाजारात सुद्धा ती एकटी जात नाही.

पशुपतिनाथाला पहाटे गेलो. चामड्याचं काही आत नेता येत नाही, पट्टे-पाकिटं बाहेर ठेवावी लागतात. आतल्या अंगणात फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. बागमतीच्या घाटावर एक चिता जळत होती, आणि इकडं घंटा वाजत होत्या. आईनं हात जोडले ते खूप वेळ सोडले नाहीत. मी काही विचारलं नाही.

कुत्र्यांच्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला टिळा. पोलिसांच्या कुत्र्यांनाही. मुलानं लॉजवाल्याच्या कुत्र्याला माळ घातली, त्याला तिथल्या मुलांनी टिळा लावायला शिकवलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुलींचा घोळका दारोदार गाणी म्हणत आला, भैलो म्हणतात. आईनं लॉजच्या उंबऱ्यात पणत्या लावल्या, त्या मालकिणीनं तिला तेल आणून दिलं. दोघी काय बोलल्या देव जाणे, पण अर्धा तास बोलत होत्या.

नागसेनवनदादा, स्तंभापाशी तुमची पोस्ट मी मोबाईलवर उघडून दादांना वाचून दाखवली. आठव्या हिश्शाचं ऐकल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, हे राजानं दगडावर का लिहिलं? मी म्हटलं, पुढच्यांना पुसता येऊ नये म्हणून असेल. दादा तिथं खाली बसले. विहारात सगळ्यांबरोबर त्यांनी आपलं ताट आपण धुतलं. घरी कधी धुतलं नव्हतं.

फोटो संध्याकाळी टाकते. परवानगीची फाईल निघायच्या आदल्या दिवशी हातात आली, तर ज्यांना मे महिन्यात जायचंय त्यांनी जानेवारीतच अर्ज द्या.

विमानात दादा डावीकडं खिडकीपाशी होते. बर्फाची रांग दिसायला लागल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उतरेपर्यंत घातली नाही. आज पहाटे ते कार्तिकीला निघाले. टाळ, धोतराची जोडी आणि दशम्यांबरोबर पिशवीत बोर्डिंग पासही ठेवलाय, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. दिंडीतल्यांना दाखवायचाय म्हणाले.